गोमुखाचा हिशेब

डिसेंबर २००९. तिकडे कोपनहेगनची परिषद चालू, इकडे आमच्या कॉलेजात हवामानबदलावर चर्चासत्र. संयोजक मी. ज्या सरांनी उमेदीची वर्षं हिमालयात हिमनद्यांची मुखं, म्हणजे खालची टोकं, मोजण्यात घालवली, त्यांचंच नाव मी वक्त्यांच्या यादीतून गाळलं होतं. का, तर ते फाटे फोडतात.

सर तरी आले. तिसऱ्या रांगेत बसले. चहाच्या वेळी त्यांनी निमंत्रणपत्रिका पालथी घातली आणि पेन्सिलीने मांडलं: गंगोत्री हिमनदी (गोमुख हे तिचंच मुख), लांबी ३० किलोमीटर, मागे सरकण्याचा वेग वर्षाला साधारण २० मीटर. "अगं, ही २०३५ला संपायची तर आजपासून दरवर्षी किलोमीटरहून जास्त मागे जायला हवी. पटतंय तुला?"

हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत संपतील, हा आकडा माझ्याच स्लाइडवर होता, लाल ठळक अक्षरांत. "सर, आयपीसीसीच्या २००७च्या अहवालात आहे," एवढंच मी म्हणाले. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची तज्ज्ञ समिती. म्हणजे वेदवाक्यच की.

त्याच सुमारास भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेला हिमनद्यांचा आढावा गाजत होता. मागे हटण्यात असाधारण काही दिसत नाही, असा त्यांचा सूर. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची 'वूडू सायन्स', म्हणजे जादूटोण्याचं शास्त्र, म्हणून वासलात लावली. मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

२० जानेवारी २०१०ला आयपीसीसीने चूक कबूल केली. तो आकडा एका संस्थेच्या अहवालातून उचललेला, तिथे तो एका मासिकातून आलेला. तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध त्यामागे नव्हताच. जॉर्ज कासर या ऑस्ट्रियन हिमनदीतज्ज्ञांनी तर आपण २००६मध्येच सावध केलं होतं असं सांगितलं. मी सरांना फोन केला. माफीचं वाक्य जुळवत होते, तोवर त्यांनीच विचारलं, "स्लाइड बदललीस का?"

पुढच्या वर्षीपासून सर वक्त्यांच्या यादीत. त्यावरून कुरकुर झाली. एकाला दिलं की सगळ्यांनाच द्यावं लागेल, म्हणे. आलेच की एक गृहस्थ, सगळं पाश्चात्त्यांचं कारस्थान म्हणणारे. कुठली हिमनदी, कुठल्या वर्षीचं मोजमाप, असं सरांनीच त्यांना विचारलं, तर गाडी थेट मंगळावर. अशांना चहा पाजावा, माइक देऊ नये.

पण सरांचा हिशेबही अर्धाच होता. हिमनदी नुसती मागे हटत नाही, ती वरून पातळही होते. दगडगोट्यांच्या जाड थराखाली बर्फ सावकाश वितळतो. त्यामुळे मुख जागेवर आणि आतला बर्फ मात्र खचतोय, असं होऊ शकतं. २०१९मध्ये एक शोधनिबंध आला. अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं वापरून हिमालयातल्या ६५० हिमनद्या ताडल्या होत्या. १९७५ ते २००० या काळात बर्फाची जाडी वर्षाला सरासरी पाव मीटर घटत होती. २००० नंतर जवळपास अर्धा मीटर. छापून घेऊन सरांच्या घरी गेले.

त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला. परत दिला तेव्हा समासात बारीक अक्षरं होती: ताज्या बर्फावर छायाचित्रातून उंची कशी काढली? दगडांनी झाकलेल्या हिमनद्या वेगळ्या मोजल्यात का? दोन प्रश्नांची उत्तरं निबंधातच होती, त्यांवर त्यांनीच काट मारलेली. तिसराही एक होता, त्याचं उत्तर मला आलं नाही. ते अजून तसंच आहे.

मग चष्मा काढून म्हणाले, "जन्मभर तोंडच बघत बसलो बघ. पोट खपाटीला गेलंय ते दिसलंच नाही." आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाक दोन कप."