अधेली, पावली, चवली, आणा

जुन्या रुपयाचे सोळा आणे. त्याखालची नाणी पाहा: अधेली आठ आण्यांची, पावली चारांची, चवली दोनांची, मग नुसता आणा. प्रत्येक नाणे आधीच्याच्या निम्मे. (आण्याचे पैसेही चारच, पुढे पैशाच्या तीन पया झाल्या आणि घडी विस्कटली.) ही चार नाणी एकेकच कनवटीला असली, तरी पंधरा आण्यांपर्यंतची कुठलीही रक्कम चुकती करता येते, आणि प्रत्येक रकमेची रीत एकच. तेरा आणे म्हणजे अधेली दिली, पावली दिली, चवली ठेवली, आणा दिला. दिलेल्याला १, ठेवलेल्याला ० लिहा: ११०१. झाली तेराची बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ या दोन अंकांत लिहिलेली संख्या.

मोठ्या संख्येसाठी नाणी चाचपत बसू नये. दोनने भागत जावे, बाकी टिपावी. १३ चा भागाकार ६, बाकी १. ६ चा ३, बाकी ०. ३ चा १, बाकी १. १ चा ०, बाकी १. या बाक्या खालून वर वाचायच्या, कारण पहिली बाकी सर्वांत लहान नाण्याची. संख्या सम की विषम एवढेच ती सांगते. भागाकार १ आला की पुष्कळांचा हात थांबतो. मग सर्वांत मोठे नाणेच गळते आणि १३ चे ५ होतात. वरून खाली वाचले तर १०११, म्हणजे ११. शिकवताना ४५ मात्र कधी घेऊ नये: १०११०१ दोन्हीकडून सारखेच, उलटे वाचणाराही बरोबर ठरतो!

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पावलीचे पंचवीस झाले, ते ठीक. पण दहा पैसे म्हणजे १.६ आणे; आण्याचे निम्मे, त्याचे निम्मे करत कितीही खाली उतरा, ही रक्कम तंतोतंत जुळत नाही. संगणक संख्या बायनरीत ठेवतो, म्हणून तिथे ०.१ ची हीच गत. अपूर्णांकाची बायनरी काढताना त्याला दोनने गुणायचे, पूर्णांक टिपून बाजूला काढायचा, उरलेल्याला पुन्हा गुणायचे. इथे वाचन वरून खाली. ०.२, ०.४, ०.८, १.६, १.२, की परत ०.४. हाती येते ०.०००११००११००११..., आणि ते कुठेतरी तोडावेच लागते. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज अनेक प्रोग्रामिंग भाषांत ०.३०००००००००००००००४ दिसते. जाणते प्रोग्रामर त्यामुळे रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवतात. दशांश चिन्ह येते ते थेट बिल छापताना.