नवा बूमबॉक्स घ्यायचा की जुनाच सेट उभा करायचा?

नवे बूमबॉक्स, म्हणजे मोठ्या स्पीकरचे, उचलून नेता येणारे रेडिओ-कॅसेट प्लेयर, परत बाजारात आलेत आणि ओळखीतले लोक विचारतात, अरे तू एवढे जुने टू-इन-वन जमवतोस मग हा नवा घेतलास की नाही? नाही घेतला, आणि कलेक्शनसाठी घेणार पण नाही. का ते जरा सविस्तर लिहितो.

फ्रान्सच्या वी आर रिवाइंड कंपनीने २०२५ मध्ये जीबी-००१ काढला, १०४ वॅटचा, ब्लूटूथ आहे, कॅसेट पण वाजते. ब्रिटनच्या जीपीओचा ब्रुकलिन त्याच्या आधीपासून आहे, तो दिसायला बराचसा कोनियन सी-१००एफ या जुन्या बूमबॉक्सवर गेलाय. दिसायला दोन्ही देखणे आहेत, फोटो बघून मलाही मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण जमवणारा माणूस नुसतं तोंड बघून घेत नाही ना, आत काय आहे ते बघतो.

आणि आत खरी अडचण आहे. कॅसेटचं चांगलं मेकॅनिझम, म्हणजे टेप फिरवणारी यंत्रणा, आज कोणी नव्याने बनवतच नाही. तानाशिन या जपानी कंपनीचं एक साधं, स्वस्त मेकॅनिझम होतं, त्याच्या चिनी नकला आजच्या बहुतेक नव्या कॅसेट प्लेयरमध्ये बसवतात, मग वरचा डबा कितीही महाग असू दे. डॉल्बीची नॉइज रिडक्शनवाली, म्हणजे टेपचा सूं आवाज कमी करणारी चिप मिळत नाही. स्वस्त मेकॅनिझममध्ये इरेज हेडच्या, म्हणजे जुनं रेकॉर्डिंग पुसणाऱ्या हेडच्या जागी साधं लोहचुंबक असतं, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये सूं आवाज जास्त येतो. वॉव-फ्लटर म्हणजे टेपचा वेग हलण्याचं प्रमाण, ते वरच्या दर्जाच्या जुन्या सेटला ०.१ टक्क्याच्या आत असायचं, आता ०.२ ला पण छान म्हणतात.

आकडे सोडा, कानाने बघा. शास्त्रीय गायनाची एखादी कॅसेट लावा, आलाप सुरू व्हायच्या आधी नुसता तानपुरा चालू असतो तेवढंच ऐका. चांगल्या मशीनवर षड्ज जागचा हलत नाही, स्वस्त मेकॅनिझमवर तो बारीक थरथरतो, आणि एकदा ती थरथर कानाला लागली की मग सनई ऐका, हार्मोनियम ऐका, सगळीकडे तेच ऐकू येतं. ढोल-ताशा किंवा रॅप लावलं तर कळणार पण नाही, म्हणून दुकानात डेमो कशावर देतायत ते बघत जा.

आता जुन्यांकडे या. जेव्हीसीचा आरसी-एम९०, हाच तो अमेरिकन रॅपर एलएल कूल जेच्या १९८५ च्या 'रेडिओ' अल्बमच्या कव्हरवरचा, त्याला २० सेंटिमीटरचे वूफर (खर्जाचे स्पीकर) आणि मेटल टेप या वरच्या दर्जाच्या कॅसेटची सोय. शार्पचा जीएफ-७७७, दोन डेक, वूफरांची अख्खी रांग. त्या काळात जपानी कंपन्यांचे इंजिनियर यात जीव ओतत होते कारण मागणीच तशी होती, आज एका छोट्या कंपनीला तेवढा खर्च झेपणार नाही, त्यात तिचा दोष नाही.

लासोनिक कंपनीचं उदाहरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं. त्यांनी स्वतःच्याच टीआरसी-९३१ च्या रूपात आय-९३१ काढला, कॅसेटच्या जागी आयपॉडचा डॉक. २०१२ मध्ये ॲपलने आयपॉडचा रुंद कनेक्टरच बदलला आणि त्या डॉकचं कामच संपत गेलं. मूळचा टीआरसी-९३१ मात्र चाकं फिरवणारा रबरी बेल्ट बदलला की आजही कॅसेट वाजवतो.

आपल्याकडे यातले अमेरिकेत गाजलेले सेट क्वचितच दिसतात. आपल्याकडे आले ते आखाती देशांतून, कोकणातला माणूस कुवेत-दुबईहून सुट्टीवर आला की सोबत नॅशनल पॅनासॉनिक नाहीतर सॅन्यो यायचाच. शोधणाऱ्यांनी हेच शोधावेत असं माझं ठाम मत आहे, कारण त्यांना मागे व्होल्टेज बदलायचं बटण असतं आणि एफएम १०८ पर्यंत लागतं. ऑनलाइन थेट जपानमधून मागवलेला सेट बऱ्याचदा १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० ला लावला की संपला, आणि त्याचं एफएम ७६ ते ९० एवढंच, म्हणजे ९८.३ वरची मिर्ची पण नाही आणि पुण्याची १०१ वरची विविध भारती पण नाही.

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी, असे सेट अजून दिसतात. बहुतेक 'बंद आहे' म्हणूनच विकतात, पण घाबरू नका. मागचं कव्हर उघडलं की बेल्ट डांबरासारखा वितळून फ्लायव्हीलला (आतल्या जड चाकाला) चिकटलेला असतो, बोटांना लागला की दोन दिवस जात नाही. कापूस आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन खोबणीतून तो सगळा काढायचा, टेप दाबून ओढणारा रबरी पिंच रोलर पुसायचा, हेड पुसायचं, व्हॉल्यूम खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, आणि योग्य मापाचा नवा बेल्ट. प्ले दाबल्यावर चाकं फिरायला लागतात तेव्हा जो आनंद होतो तो नवा डबा उघडून मला तरी मिळत नाही.

नवा कोणी घ्यावा मग? ज्याला गच्चीवर मित्रांसोबत फोनवरून गाणी लावायचीत, अधूनमधून एखादी कॅसेट, आणि दुरुस्तीची कटकट नको, वॉरंटी हवी, त्याने खुशाल घ्यावा, मजा येईल. पण आजीच्या आवाजातल्या ओव्यांची एकच एक कॅसेट असेल तर ती नव्यात घालून ऐकण्याआधी एखाद्या चांगल्या जुन्या डेकवरून डिजिटल करून घ्या, आणि कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसली जाणार नाही.

आणि घरात माळ्यावर एखादा टू-इन-वन पडला असेल तर विकायचा की ठेवायचा ते नंतर ठरवा, आधी आज त्यातले जाडे सेल बाहेर काढा. बेल्ट बदलता येतो, पण सेल फुटून पाणी बोर्डावर उतरलं की ते बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतं आणि मग चांगला मेकॅनिक पण हात टेकतो.