जुन्या नकाशात सापडलेली रीठ

रामटेक तालुक्यात आमच्या गावाला लागून एक रीठ, म्हणजे उठून गेलेलं गाव आहे. सातबाऱ्यावर ती वेगळी मौजा आहे, तिथं आमच्याच लोकांची धानाची शेती आहे, पण घर एकही नाही. चिंचेची झाडं आणि मातामायचं ठाणं तेवढं उरलंय. हे गाव कधी आणि का उठलं, ते मला शोधायचं होतं.

सुरुवात टोपोशीटपासून, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या भूप्रदेश नकाशापासून केली. नागपूर शहर ५५ ओ/४ वर येतं, रामटेक ५५ ओ/७ वर. त्यांच्या जुन्या शीट मैलाला एक इंच या प्रमाणाच्या. त्यात नाले, तलाव, गाडीवाटा दिसतात, शेत दिसत नाही. त्यासाठी गावनकाशाच हवा. इंग्रजांच्या काळातल्या मध्य प्रांताच्या बंदोबस्तातले, म्हणजे शेतसारा ठरवण्यासाठी झालेल्या मोजणीतले हे नकाशे मैलाला सोळा इंचांचे, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ३३० फूट. रीठीचा नकाशा तिच्या नावानं वेगळा मागावा लागतो. अर्जात मौजा, पटवारी हलका आणि तहसील नीट लिहिलं की नक्कल मिळवणं सोपं जातं.

नकाशासोबत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज नक्की मागा. गुरं कुठं चरतील, सरपण कुठून आणायचं, मुर्दे कुठं न्यायचे, तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल, असं गावाचं सामाईक जगणं या कागदांत असतं. मालगुजारी, म्हणजे मालगुजारानं गावाचा सारा गोळा करायची पद्धत, १९५१ मध्ये गेली, पण निस्ताराचे, म्हणजे चराई-सरपणासारखे सामाईक वापराचे हक्क त्यानंतरच्या कायद्यांतही राहिले. नकाशात मी आधी शेतांच्या धुऱ्यांकडे, म्हणजे बांधांकडे पाहत होतो. कागद वाचल्यावर नजर दोन धुऱ्यांमधल्या रिकाम्या पट्ट्यांवर गेली: पांधण (शेतांमधली गाडीवाट), आखर (गुरं जमायची जागा), आमराई, बोडी (लहान तळं). गाव कसं चालत होतं ते तिथंच कळतं.

मग नक्कल स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत आजच्या उपग्रह चित्रावर बसवली. खुणेचे बिंदू निवडताना नाल्यावर भरवसा ठेवू नये, तो पात्र बदलतो. जुनी विहीर, देऊळ आणि तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, या जागा पक्क्या. असे बिंदू गावाच्या चारही बाजूंना हवेत. एका कोपऱ्यात गोळा झाले तर उरलेला नकाशा वाकडा बसतो.

नकाशा जुळल्यावर एका म्हाताऱ्या काकाजींना घेऊन रीठीत गेलो. नकाशात आबादीच्या, म्हणजे घरांच्या वस्तीच्या पूर्वेला पाण्याची खूण होती. तिथं आता धान उभं होतं. "तलाव नोहे थो बाप्पा, बोडी होय," काकाजी म्हणाले, "माह्या बापानं म्हशी धुतल्या इथं." बोडीची पाळ धुऱ्यासारखी अजून उंच आहे, आणि नकाशातली पांधण तिच्याच कडेनं आमच्या गावाकडं निघते. अर्धी पांधण शेतात गेलीय. ते पाहून जीव तुटला, कारण पावसाळ्यात तिकडच्या शेतकऱ्यांना बैलबंडी न्यायला वाटच उरत नाही.

गाव का उठलं? काकाजींच्या घरी सांगतात, मानमोडीत. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. मध्य प्रांतात तिनं फार माणसं नेली. बंदोबस्ताच्या नकाशात आबादी आहे, नंतरच्या टोपोशीटवर घरं नाहीत. पण या दोन नकाशांच्या मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळही पडले. म्हणून मी वहीत दोन्ही लिहून ठेवलंय: नकाशा काय दाखवतो ते एका बाजूला, लोक काय सांगतात ते दुसऱ्या बाजूला, आणि सांगणाऱ्यानं ते कोणाकडून ऐकलं तेही.

पांधणीच्या नकाशाची प्रत ग्रामपंचायतीत दिली आहे आणि मोजणीचा विषय ग्रामसभेपुढं ठेवायला सांगितलंय. बोडीची जागा आता कोणाच्या नावावर आहे, ते खसऱ्यावरून, म्हणजे शेतांच्या क्रमांकवार नोंदींवरून लावणं चालू आहे.