वॉटरकलर शिकायचंय? मग आधी चांगला कागद आणा

"वॉटरकलर सुरू करायचंय, कोणते रंग घेऊ?" असं आजकाल लई जण विचारायलेत आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, रंग साधे घ्या पण कागद चांगला घ्या. होतं काय, दुकानात गेलं की चोवीस रंगांचा डबा डोळ्यात भरतो, सगळे पैसे त्यातच जातात आणि कागद म्हणून शाळेची ड्रॉइंगची वही उचलली जाते. तो पातळ कागद पाणी लागलं की फुगतो, खळग्यांत रंग साचतो, दोनदा ब्रश फिरवला की वरची लव सुटायला लागते, आणि नवीन माणसाला वाटतं की आपल्या हातातच कला नाही. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण हातात काही खोट नसते.

३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कॉटन कागद मागा, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरबरीत. महाग पडतो, मान्य आहे, पण २२ बाय ३० इंचाची एक फुल शीट घेतली तर साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात आणि सरावाला मागची बाजूही चालते. ब्रश एकच, राउंड, दहा किंवा बारा नंबरचा, ओला केल्यावर टोक येणारा. तो पाण्याच्या ग्लासात उभा ठेवायचा नाही, टोक वाकतं. पॅलेट नसेल तर घरातली पांढरी चिनी मातीची प्लेट घ्या, स्टीलच्या ताटात रंगाचा अंदाज येत नाही.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, ऊन. वॉटरकलरचे बरेचसे व्हिडिओ थंड, दमट हवेत बसून केलेले असतात, ते म्हणतात आरामात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, टाका, आणि इकडे परभणी-नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, आकाश अर्धं होईपर्यंत वरची कड वाळून रेघ उमटलेली असते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर बसा, कागद दोन्ही बाजूंनी ओला करून गुळगुळीत टाइलवर चिकटवा म्हणजे खालून ओल टिकते, आणि पंखा बंद ठेवा. कूलर मात्र चालू राहू द्या, त्याने खोलीत दमटपणा राहतो, फक्त त्याच्या झोतात बसू नका.

कागदाची चमक बघायला शिका, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. कागद तिरपा धरून उजेडात बघा. आरशासारखा चमकतोय म्हणजे पाणी वर तरंगतंय, रंग सोडला की लांबपर्यंत पसरेल, आकाशाला हे चालतं. चमक मंद झाली की कागदाने पाणी आत ओढलंय, आता घट्ट रंग लावला तर कडा मऊ राहतात पण रंग जागेवर थांबतो, लांबची झाडं, डोंगर यांच्यासाठी हीच वेळ. या वेळी ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर ते पाणी आधीचा रंग ढकलत बाहेर नेतं आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखा डाग पडतो, त्याला कॉलीफ्लॉवरच म्हणतात. चमक गेली पण हाताला अजून गार लागतंय, तर थांबा, काहीच करू नका, पूर्ण वाळू द्या.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा हात एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या वेळी पोस्टर कलरवर बसलेला असतो, जाड थर, चुकलं की वरून पांढरा. इथे पांढरा म्हणजे कोरा कागद, त्यामुळे फिकटाकडून गडदकडे जायचं आणि उजेडाची जागा आधीच सोडायची, आणि रंग वाळल्यावर फिकट होतो म्हणून लावताना थोडा गडदच लावायचा.

रंग सहा पुरे: लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. काळा नकोच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळा, सिएना जरा जास्त ठेवा, आपली नांगरलेली काळी माती तयार, निळा वाढवून पाणी घाला की मृगाचं आभाळ. अल्ट्रामरीन म्हटलं की मला अजिंठा आठवतो, तिथला निळा लॅपिस लाझुली दगडाचा, तो दगड अफगाणिस्तानकडून यायचा, आणि अल्ट्रामरीनसुद्धा आधी त्याच दगडापासून बनायचा, ट्यूबमधला आता कारखान्यातला असतो. आपल्या डोंगरात तो रंग इतकी शतकं टिकून आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

सराव म्हणून संभाजीनगरचा मकबरा काढा. अवघड वाटतो पण शिकायला फार छान विषय आहे, कारण घुमट रंगवायचाच नाही. घुमट आणि मिनारांची बाह्यरेषा पेन्सिलने हलकी काढा, रेषेच्या बाहेरचं आकाश ओलं करा, आत थेंबही जाऊ देऊ नका, आणि निळा सोडा, घुमट आपोआप उठून दिसायला लागतो. वर घुमट संगमरवरी आहे पण खाली बराच भाग गिलाव्याचा, तो काळवंडलाय, तिथे पाणीदार ऑकरचा एक हात द्या. सगळं वाळलं की सावलीची बाजू, अल्ट्रामरीनमध्ये किंचित सिएना, ब्रश भरून घ्या, वरून खाली एकदाच ओढा आणि परत हात लावू नका.