हार उलगडला तो दिवस

चातुर्मास लागायच्या आधीचा शेवटचा मुहूर्त गाठून होणाऱ्या लग्नांची मला दरवर्षी धास्ती वाटते. बाहेर पाऊस, घरात मिठाच्या बरणीलाही पाणी सुटलेलं, आणि नेमके त्याच आठवड्यात हार आणि बुके माझ्या टेबलावर येऊन पडतात. मी लग्नातली फुलं दाबून, वाळवून त्यांच्या फ्रेम करून देते. सिंहगड रस्त्याला घरातल्याच एका खोलीत हे काम चालतं. फूल लग्नानंतर चोवीस तासांत हाती आलं, तर पावसाळ्यातही निभावून नेता येतं. त्या मंगळवारी आलेला हार चौथ्या दिवशी आला होता.

नवरी मुलगी बंगळुरूला नोकरी करते. लग्न पुण्यात झालं, पूजा झाली, पाहुणे गेले आणि मग तिला हाराची आठवण झाली. "ताई, फ्रीजमध्येच होता हो सगळा वेळ. पिशवीला घट्ट गाठ मारून ठेवला होता." गाठ हा शब्द ऐकला आणि आत काय असणार ते मला कळलं. तोडलेलं फूलही श्वास घेत असतं, बाष्प सोडत असतं. बंद पिशवीत ते बाष्प पाणी होऊन पाकळ्यांवरच बसतं. पिशवी सोडली तर आंबूस वास आला. डच गुलाबाच्या पाकळ्या कडेने काचेसारख्या पारदर्शक झालेल्या, दोन-तीन ठिकाणी राखाडी लव धरलेली. निशिगंध लिबलिबीत. मोगऱ्याच्या कितीतरी कळ्या चहाच्या रंगाच्या.

तिच्यासोबत तिची आजी होती. ओली छत्री दाराबाहेर टेकवून त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

मुलीने मोबाइलवर तिला हवी तशी फ्रेम दाखवली. मधे नवरा-नवरीचा फोटो आणि त्याभोवती हाराच्याच आकारात मांडलेली वाळलेली फुलं. आजींनी लांबूनच पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "निर्माल्य आहे ते. ते तुळशीत घालायचं, नाहीतर पाण्यात सोडायचं. आणि फोटोला हार घालून भिंतीवर कोणाला लावतात, ते मी बोलायला हवं का?"

मी गप्प झाले. तशी फ्रेम मी याआधी दोनदा करून दिली होती. दोन्ही वेळा माझं सगळं लक्ष पाकळ्यांवर होतं, आकार काय म्हणतोय इकडे गेलंच नव्हतं. त्या दोन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात ती फ्रेम बघून काय आलं असेल, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं.

तरी माझी अडचण वेगळीच होती. मी मुलीला स्पष्ट सांगितलं की हे काम मी घेणार नाही. या धंद्यातल्या माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मी असाच एक उशिरा आलेला बुके घेतला होता. नाही म्हणवलं नाही म्हणून घेतला. वाळला असं समजून फ्रेम बंद केली आणि दीड महिन्यात काचेच्या आत बुरशी चढली. पैसे परत केले, पण त्या बाईंची फुलं काही परत देता आली नाहीत. तेव्हापासून बुरशी दिसली की मी हात लावत नाही. मुलीचे डोळे भरून आले.

"सगळाच नासलाय का?" आजींनी दारातून विचारलं.

"सगळा नाही. पण वेचायला कोण बसणार, आणि वेचून उरणार किती?"

त्या आत आल्या. बेसिनवर हात धुतले, पदराला पुसले आणि टेबलाशी बसल्या. मी कात्री उचलली तर म्हणाल्या, "कातर नको बाळ. दोरा कापलास की सगळी ओघळून एकमेकांवर पडतील, चांगल्याला वाईट लागेल. गोंड्याकडून सोड."

पुढचे अडीच तास मी त्यांचे हात पाहत होते. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत दोरा ताणून धरायचा, उजव्या हाताने कळी देठाजवळ पकडून अर्धी गिरकी द्यायची आणि मग ती ओढायची. गिरकी दिली की दोऱ्याला चिकटलेला भाग सुटतो, कळी फाटत नाही. मी इतकी वर्षं सरळ ओढत आले आणि भोकाजवळ फाटलेल्या पाकळ्या टाकून देत आले. सुटलेलं प्रत्येक फूल त्या क्षणभर गालाला लावत. गार लागलं तर उजवीकडे ठेवायचं, नाहीतर डावीकडे.

मी चमकले. बीएस्सीला वनस्पतिशास्त्र होतं, तेव्हा हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, दाबलेलं रोप वाळलं की नाही ते पाहायला आमच्या बाईंनी हेच शिकवलं होतं. गालाला लावा. गार लागलं तर अजून ओल आहे, पुन्हा दाबात ठेवा. तीच खूण, पण आजी ती दुसऱ्या टोकाकडून वापरत होत्या. गार म्हणजे अजून जीव आहे. बुरशीच्या आसपासचं मात्र आम्ही दोघींनी गालापर्यंत नेलंच नाही, डोळ्यांना दिसलं तसं बाजूला काढलं.

आजींचं माहेर गुरवाचं, वाईजवळच्या गावातलं. शंकराच्या देवळातला रोजचा हार घरच्या बायका ओवायच्या. "तुळस आणि बेल शिळे होत नाहीत, बाकी सगळं संध्याकाळी उतरवायचं," त्या हात न थांबवता सांगत होत्या. नातीने मधेच विचारलं, "मग आजी, तुझ्या पेटीतली बकुळीची माळ? ती तर किती वर्षांची आहे." आजींचा हात थांबला. जरा वेळाने म्हणाल्या, "बकुळीला निर्माल्य कोण म्हणतं? ती वाळली तरी वास देते." आणि पुन्हा कळ्या सोडायला लागल्या. नात काही बोलली नाही. मीही नाही.

अडीच तासांनी टेबलावर गुलाबाच्या एकसष्ट पाकळ्या, मोगऱ्याच्या अडतीस कळ्या, निशिगंधाची नऊ फुलं आणि जिप्सोफिलाच्या, म्हणजे बुकेत घालतात त्या बारीक पांढऱ्या फुलांच्या, थोड्या काड्या उरल्या. बाकीचं आजींनी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं, तुळशीत घालायला. दोरा त्यांनी बोटांभोवती गुंडाळून कनवटीला लावला.

"आता याचा हार करू नका," त्या मला म्हणाल्या. "तोरण करा. आडवं. दारावर लावायचं."

मी कागद ओढून तिथेच रेघा मारल्या. नव्वद सेंटिमीटर लांब, बावीस रुंद. तोरणाला आंब्याची पानं हवीत. ती लग्नघराच्या दारावर चार दिवसांची तशीच लटकत होती. आंब्याचं पान जाड, चिवट असतं, चार दिवसांत त्याचं फारसं काही बिघडत नाही. संध्याकाळी नवरा मुलगा भर पावसात स्कूटरवरून ते अख्खं तोरण रेनकोटच्या आत धरून घेऊन आला.

तोवर मी फुलं दाबात घातली होती. पांढऱ्या फुलाशी घड्याळ लावून काम करावं लागतं. चिरलेलं वांगं जसं काळं पडतं तसाच मोगरा पडतो. पेशी चिरडल्या की आतली फिनॉल जातीची द्रव्यं, विकर आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि तपकिरी रंग तयार होतो. पाणी जितक्या लवकर निघेल तितकं हे कमी होतं. म्हणून कळ्या उभ्या अर्ध्या कापून टीपकागदात, वर-खाली पुठ्ठा, दाबाच्या फळ्यांमध्ये सिलिका जेलच्या सपाट पुड्या. खोलीत बाष्प ओढणारं यंत्र अखंड चालू. पहिल्या दिवशी टीपकागद दोनदा बदलला, मग आठवडाभर रोज. गुलाबाची पाकळी न् पाकळी सुटी वाळवायची आणि नंतर पुन्हा रचायची, कारण अख्खा गुलाब दाबला की मधली ओल निघत नाही आणि तो आतून कुजतो. निशिगंध मला सगळ्यात अवघड वाटतो. पाकळी मेणासारखी, आत पाणीच पाणी. नवातली चार फुलं वाचली.

तिसऱ्या आठवड्यात मुलीला फोटो पाठवले. लाल गुलाब काळपट जांभळा झाला होता, मोगरा बदामी. तिचा लगेच फोन. "ताई, मोगऱ्याला थोडा पांढरा रंग लावता येईल का?" असा रंग लावणारे आहेत. मी लावत नाही. रंगाखाली पाकळीच्या शिरा बुजतात, आणि मग ते तिच्या गळ्यात पडलेलं फूल राहत नाही, चित्र होतं. मी समजावत होते तेवढ्यात कॉन्फरन्सवर घेतलेल्या आजींचा आवाज आला, "बदामीच राहू दे. माझी बकूळ कुठे पांढरी राहिलीय?" विषय तिथे मिटला.

गौरी-गणपतीच्या आधी फ्रेम तयार झाली. आम्लरहित माउंटबोर्ड, फुलांना टेकणार नाही असं अंतर राखून बसवलेलं, अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक, मागून पट्टीने हवाबंद. आंब्याची पानं शेवाळी तपकिरी झाली होती, पण त्यांच्या शिरा इतक्या स्पष्ट की मोजता याव्यात. त्यांच्या खाली मोगऱ्याच्या अर्ध्या कळ्यांची रांग, मधे रचलेले दोन गुलाब. दाराच्या आतल्या बाजूला, ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा, असं बजावून सांगितलं. सूर्यप्रकाशापुढे कुठलंही अ‍ॅक्रिलिक कायमचं टिकाव धरत नाही.

प्रत्येक फ्रेमच्या मागे मी एक चिठ्ठी चिकटवते. ही सवय हर्बेरियमची. कॉलेजात असताना भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या कार्यालयात आम्हाला जुन्या शीट दाखवायला नेलं होतं. पानांचा हिरवा केव्हाच गेलेला, पण कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर वनस्पतीचं नाव, ठिकाण, तारीख आणि ती कोणी गोळा केली त्याचं नाव, सगळं जागेवर होतं. चिठ्ठी नसली तर ते नुसतं वाळलेलं पान, असं आमच्या बाई म्हणायच्या.

फ्रेम न्यायला आजी स्वतः आल्या. या वेळी आधीच बसल्या. मी चिठ्ठी वाचून दाखवली. मोगरा, गुलाब, निशिगंध, जिप्सोफिला, आंबा. लग्नाची तारीख, पुणे. 'हार कोणी उलगडला' यापुढे जागा मोकळी ठेवली होती.

"तुमचं पूर्ण नाव सांगा आजी."

"माझं कशाला?"

"फुलं तुम्ही वाचवलीत. इथे तुमचंच नाव लागतं."

त्या क्षणभर खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग नाव सांगितलं, आणि आडनाव नातीला ऐकूनही पटकन कळेना, म्हणून तिने पुन्हा विचारलं.

"माहेरचं आहे," आजी म्हणाल्या. "हार ओवायला तिथे शिकले. तेच लिही."

मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्या चिठ्ठीवर बोट न लावता, नुसतं वरून फिरवत होत्या.