निरनिराळ्या गाड्या, एकच ओळख : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या व्यवसायाची सुरुवात नंबरप्लेट आणि रेडियम कटिंगने झाली. ट्रकच्या टपावर कुलदैवताचे नाव, पाठीमागे मालकाच्या मुलांची नावे अशी कामे रोज येत आणि प्रत्येक गाडीचे काम स्वतंत्र असे. २००५ मध्ये टाटांचा ‘छोटा हत्ती’ बाजारात आला आणि वितरण करणाऱ्या संस्थांच्या ताफ्यात लहान गाड्या वाढल्या, तेव्हा वेगळी मागणी येऊ लागली. सगळ्या गाड्या एकाच घरच्या दिसल्या पाहिजेत, असे या संस्थांचे म्हणणे होते.

एका दूध संस्थेच्या कामामुळे या विषयाची खोली आम्हाला कळली. त्यांच्याकडे मारुती ईको, छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, पफ बॉडीच्या (दूध थंड ठेवणाऱ्या उष्णतारोधक पेटीच्या) आयशर आणि स्टीलचे टँकर होते. हातात मात्र एकच डिझाइन होते, आणि तेच लहानमोठे करून सगळीकडे लावावे अशी अपेक्षा होती. तसे केले असते तर ईकोच्या सरकत्या दाराची फट बरोबर नावाच्या मधून गेली असती, पिकअपच्या हौद्यावरील उभ्या खाचांत अक्षरे मोडली असती आणि टँकरच्या गोलाईवर वरची ओळ जमिनीवरून दबलेली दिसली असती. देवनागरीत ही अडचण अधिक जाणवते, कारण शिरोरेषा दाराच्या फटीवर दोन मिलिमीटर जरी वरखाली झाली, तरी अख्खे नाव तुटल्यासारखे दिसते. म्हणून आम्ही प्रत्येक मॉडेलचे स्वतंत्र माप घेतो आणि फट शक्यतो दोन शब्दांच्या मध्ये आणतो. ते जमत नसेल तर दोन अक्षरांच्या मध्ये, पण काना किंवा वेलांटीवर कधीही नाही. रिकाम्या पिकअपची मागची बाजू स्प्रिंगच्या पाट्यांमुळे उचललेली असते, त्यामुळे शिरोरेषा जमिनीला समांतर न धरता बॉडीच्या स्वतःच्या रेषेला धरावी लागते.

रंगाचाही असाच काटेकोर विचार करावा लागतो. संस्थेचा गडद निळा छापून घेतला तर प्रत्येक छपाईत थोडा बदलतो. म्हणून नाव आणि बोधचिन्ह आम्ही रंगीत व्हिनाइल, म्हणजे चिकट प्लॅस्टिक फिल्म, कापूनच लावतो आणि छपाई फक्त छायाचित्रांपुरती ठेवतो. पफ बॉडीच्या सपाट बाजूला कॅलेंडर्ड, म्हणजे रोलरांतून दाबून काढलेले, व्हिनाइल पुरते. खाचा, रिव्हेट आणि गोलाईवर मात्र कास्ट, म्हणजे ओतून बनवलेले, व्हिनाइलच लागते, कारण कॅलेंडर्ड फिल्म बनताना ताणलेली असते, उन्हात ती पूर्ववत होऊ पाहते आणि खाचेतून सुटून वर येते. दोन्हींच्या दरांतील फरक पाहून ग्राहक थबकतो, हे खरे. पण सुटलेले ग्राफिक्स खरवडून पुन्हा लावण्याचा खर्च त्याहून मोठा असतो, असे आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

नियमांच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. समोर पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल अशी परावर्तक पट्टी डिझाइनखाली झाकली जाता कामा नये. काचेवर फिल्म चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केल्यापासून आम्ही डिझाइन काचेच्या अलीकडेच थांबवतो. गाडीचा मूळ रंग आरसी बुकात नोंदलेला असल्याने संपूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचे आवरण सुचवण्याचेही आम्ही टाळतो.

खरी कसोटी पहिल्या दिवशी लागत नाही, ती अपघातानंतर दार बदलले जाते तेव्हा लागते. त्यासाठी आम्ही प्रत्येक गाडीची नोंद तिच्या नोंदणी क्रमांकाने ठेवतो : कोणते व्हिनाइल, कोणत्या बॅचचा रोल, बॉडीच्या रेषेपासून नाव किती अंतरावर आणि चारही बाजूंची छायाचित्रे. नव्याने रंगवलेल्या दारातील रंग पूर्ण सुकल्याशिवाय आम्ही स्टिकर लावत नाही, कारण रंगातून निघणारा वायू फिल्मखाली फुगे धरतो. गाडी थांबली की वितरण थांबते, त्यामुळे अशा वेळी संस्थेची घाई आम्हाला समजते. तरीही आम्ही थांबायलाच सांगतो. जुना निळा उन्हाने उतरला असेल, तर एक अक्षर बदलण्यापेक्षा त्या बाजूचे संपूर्ण नाव बदलणे आम्हाला योग्य वाटते.

अलीकडे ही दूध संस्था नवीन गाडीची चेसिस बॉडीबिल्डरकडे पाठवण्याआधीच मॉडेल आणि बॉडीचे माप आम्हाला कळवते. त्यामुळे दाराची बिजागरी आणि रिव्हेटची ओळ नावाच्या जागेतून जाऊ नये, याची चर्चा बॉडीबिल्डरबरोबर बसून कागदावरच होते.