साधी गाडी, कच्चा रस्ता आणि तंबू
आज हॅचबॅकने कॅम्पसाइट गाठताना पुन्हा पटलं: कच्च्या रस्त्यावर इंजिन कमी पडत नाही, पोट घासतं. १६५-१७० मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीच्या पोटातलं अंतर) हा रिकाम्या गाडीचा. चार माणसं, तंबू, पाण्याचे कॅन भरले की मागची बाजू बसते आणि सायलेन्सर खरवडतो. जड सामान मागच्या सीटला टेकवून, तळाशी. खराब पट्टा आला की मोठ्यांनी सरळ उतरायचं, लाजायचं काय त्यात!

मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढायचा मोह होतो. नको. इंजिनखालचा ऑइल चेंबर तिथेच असतो. चाक हळूच दगडावर चढवा, गाडी आपोआप उचलली जाते. पहिला गिअर, चालण्याचा वेग. हाफ क्लचवर (क्लच अर्धवट दाबून) रेंगाळलात की जळका वास आलाच.

टायरमधली हवा ३३ असेल तर २८ पीएसआय पुरे. आणखी उतरवली तर टायर दगड आणि रिममध्ये चिमटतो. डांबरी लागताच परत भरा.

ओढा आधी पायी बघायचा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर मागे फिरा; इंजिनात पाणी ओढलं गेलं की आतला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो.

पोचल्यावर आधी गाडीखाली डोकवा. थेंब दिसला तर बोटाला लावा: चिकट नसेल तर बहुधा एसीचं पाणी.